चॅपलचं सिमेंट अन् महालातली ओल

शनिवारी बाबांचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी छिन्नी-हातोडी घेऊन एका चॅपलच्या भिंतीशी उभा. "इंजिनिअर केलं तुले, अन् तिकडे गवंडीकाम करून राह्यला काय बे?"

झालं असं, की नॉर्थ वेल्समधल्या आमच्या गावात एक जुनं चॅपल आहे, चर्चच पण एकदम साधं, आत लाकडी बाकं नि वर गॅलरी, बास. माणसं कमी झाली, कुलूप लागलं, मग गावकऱ्यांनीच वर्गणी काढून दुरुस्ती हातात घेतली, आपल्या गल्लीतल्या गणपतीसारखी, फक्त पावतीपुस्तक घेऊन कुणी दारात ठाण मांडत नाही.

छप्पर स्लेटचं, म्हणजे दगडाच्या पातळ पाट्यांचं. स्लेटच्या साइझला इथे नावं आहेत, २४ बाय १२ इंचाची डचेस, २० बाय १० ची काउंटेस! आमच्याकडे सगळ्या काउंटेस. पण वरचं काम अडलंय, कारण वटवाघळं. त्यांच्या राहत्या जागेला कायद्यानं हात लावता येत नाही, तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत सगळे गप्प.

माझ्या वाट्याला भिंत आली. कुणीतरी कधीतरी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलेलं, ते खरवडून चुना भरायचा. मला वाटायचं सिमेंट पाणी अडवतं म्हणजे चांगलंच, पण आत शिरलेलं पाणीही ते बाहेर सोडत नाही, मग ओल दगडातच मुरते, थंडीत गोठते अन् दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्यातून ती वाळून जाते. चुन्याचे लाड मात्र फार, ५ डिग्रीच्या खाली काम बंद, घाईनं वाळू नये म्हणून वर ओलं गोणपाट. (चहाला सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, नेली होती, पाच मिनिटांत डबा रिकामा.)

हे सांगत होतो तर बाबा एकदम गप्प. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात देवघरामागची भिंत दर पावसाळ्यात फुगते अन् दर दिवाळीला आम्ही तिच्यावर आणखी सिमेंट थापतो. आजोबा सांगायचे, जुन्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालत, अन् आम्ही पोरं हसायचो.

सोमवारी फोटो आला. हातभर सिमेंट उचकटलेलं, आत पांढरट चुना, अजून घट्ट. खाली मेसेज, "आई ओरडून राह्यली. चुन्याचा गवंडी भेटत नाही. तुझ्या लोकांना विचारून प्रमाण पाठव."

पाठवलं. एक भाग चुना, तीन भाग वाळू. बेलफळ म्हणजे काय ते मात्र मलाच इथल्या लोकांना समजावून सांगावं लागलं.