कोची: शंभर रुपयांत अख्खं गाव दाखवणारी रिक्षा

फोर्ट कोचीच्या जेट्टीवर उतरलात की पहिला रिक्षावाला म्हणेल, "सर, शंभर रुपये, एक तास, सगळं फोर्ट कोची." बसू नका. निघण्याआधी आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं ते नेमकं उलटं: रिक्षा करा, स्वस्तात पडतं, माणसं प्रेमळ आहेत. माणसं प्रेमळ आहेत हे खरंच आहे. पण जेट्टीवरची रिक्षा हा वेगळा धंदा आहे.

तो चालतो असा. पहिली दहा मिनिटं चर्च, एक फोटो, "बाकी नंतर बघू." मग गाडी एका मोठ्या दुकानासमोर थांबते. दार उघडायला माणूस उभा असतो, आत एसी, काश्मिरी शाली, चंदनाचे हत्ती, सोन्याच्या वर्खाची चित्रं. रिक्षावाला खालच्या आवाजात सांगतो, "काही घेऊ नका, फक्त दहा मिनिटं बघा, मला पेट्रोलचं कूपन मिळतं." पहिल्या दुकानात आपल्याला त्याची दया येते. दुसरं मसाल्यांचं, तिथे वेलची, मिरी आणि चक्क केशर! केरळात केशर पिकत नाही हो. तिसऱ्या दुकानाशी बायको रिक्षातून उतरलीच नाही. रिक्षावाल्या साहेबांचा चेहरा पडला, कूपन बुडालं. मग कळवती भागात, भर दुपारी, "पुढे ट्रॅफिक आहे, चालत पाच मिनिटं" म्हणून आम्हाला उतरवलं आणि शंभराचे तीनशे मागितले. "वेटिंग सर." वाद घालून दीडशेवर सुटलो. पैशांचं एवढं नाही, पण ते "पाच मिनिटं" आयुष्यभर लक्षात राहतील.

कळवतीपासून मट्टांचेरीपर्यंत जो बाजार रोड जातो, तो नकाशावर फार मोहक दिसतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला जुनी गोदामं, तांदूळ, सुंठ, मिरी. फोटोंमध्येही तसाच दिसतो. दुपारी साडेबाराला तो कसा असतो ते ऐका. फुटपाथ नाही. रस्त्याच्या निम्म्या रुंदीत लॉरी उभी, तिच्यातून पोती उतरतायत, उरलेल्या निम्म्यातून दोन्हीकडची वाहतूक. हॉर्न आला की गटारावरच्या फरशीवर चढायचं, आणि त्या फरश्यांतली प्रत्येक फरशी जागेवर असेलच असं नाही. पाणी दिसतच नाही, कारण गोदामांची भिंत सलग आहे. मध्ये एखादं दार उघडं असलं तरच चौकटीएवढा समुद्र दिसतो. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, नाकात मिरचीची धूळ, आणि सावली कुठे म्हणाल तर लॉरीची. हा रस्ता वाईट आहे का? नाही. सकाळी सातला जा. लॉऱ्या यायच्या असतात, गोदामांची दारं उघडत असतात, सुंठीचा वास येतो आणि चालायला जागा असते. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने सकाळी परत गेलो आणि मस्त वाटलं. दुपारी मात्र शत्रूलाही पाठवू नये.

मट्टांचेरीत बघायच्या गोष्टी मुख्यतः दोन, आणि दोन्हींच्या सुट्ट्या पाठ करून जा. डच पॅलेस शुक्रवारी बंद. नाव डच, पण बांधला पोर्तुगिजांनी, सोळाव्या शतकात, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. तिकीट अगदी किरकोळ, आत रामायणाची भित्तिचित्रं, फोटो काढता येत नाहीत. चित्रं बघायला थोडा धीर हवा, कारण प्रकाश मंद आहे आणि शाळेची सहल नेमकी तुमच्या आधी आत शिरलेली असते. पण जा. परदेसी सिनेगॉग शनिवारी बंद असतं, शुक्रवारी दुपारनंतरही आणि ज्यूंच्या सणांनाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना शनिवार तेली म्हणायचे ते याच शनिवारच्या सुट्टीमुळे, त्यामुळे कोकणी माणसाने तरी शनिवारी जाऊन दार ठोठावू नये. सिनेगॉग 1568 सालचं. चपला बाहेर काढायच्या, तेव्हा पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा नीट जाणवतात. त्या हाताने रंगवलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही असं म्हणतात. वर काचेची झुंबरं. हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. बाहेरच्या गल्लीतली दुकानं मात्र पुन्हा तीच, रिक्षावाल्याने दाखवलेली. दोन्ही एकाच दिवशी बघायचं तर रविवार ते गुरुवार यातला दिवस धरा. सुट्टीच्या गर्दीत ज्यांना रविवार सोसत नाही त्यांनी सोमवार.

मट्टांचेरीतच चेरलाई भागात कोकणी बोलणारे गौड सारस्वत राहतात. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून निघून इकडे आले, देव बरोबर आणले. तिरुमल देवस्वमचं देऊळ त्यांचंच. देवळात पुरुषांनी शर्ट काढायचा असतो आणि प्रवेश फक्त हिंदूंना. देवळाबाहेरच्या दुकानात दोन म्हाताऱ्या बोलत होत्या, निम्मं मला कळलं, निम्म्यावर मल्याळमचा हेल. पाणी मागितलं तर एकीने विचारलं, "खंयचे?" गुलबक्षी रंगाचं गरम पाणी आलं. केरळात सगळीकडे येतं, पतिमुखाच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं असतं, गरमच प्यायचं. आम्ही पहिल्या दिवशी हॉटेलात ते हात धुवायचं समजलो होतो. जवळच गुजराती रोड आहे, जैन देऊळ आहे. शाकाहारी मंडळींना फोर्ट कोचीत महागडं पनीर खात बसण्यापेक्षा इथे साधं जेवण चांगलं मिळतं.

आता ती चिनी जाळी. कोचीच्या प्रत्येक पोस्टरवर सूर्यास्ताबरोबर असतात ती. यंत्रणा खरोखर बघण्यासारखी आहे: सागाचे लांब वासे, त्यावर ताणलेलं जाळं, मागच्या बाजूला दोरांना बांधलेले दगड. पाच-सहा जण दोर खेचतात, दगड एकामागून एक खाली येतात आणि जाळं वर येतं. आणि जाळ्यात काय? मूठभर मासळी आणि भाराभर जलपर्णी. पावसाळ्यानंतर तर अख्खा किनारा जलपर्णीने हिरवा असतो, त्यात बाटल्या. फोर्ट कोचीचा बीच पोहायला मुळीच नाही आणि बसायलाही जेमतेम आहे. जाळीवर चढून दोर ओढायला बोलावतात, हौसेने ओढा, पण नंतर पैसे मागतील हे ठरलेलं. चढण्याआधीच किती ते विचारा.

जाळ्यांशेजारी मासळीचे स्टॉल आहेत. तुम्ही मासा निवडायचा, शेजारचं हॉटेल शिजवून देतं. ऐकायला झकास. भाव किलोचा सांगतात, कोळंबी वजनाला टाकतात, आणि बिलात साफ करण्याचे वेगळे, शिजवण्याचे वेगळे, वर भात वेगळा. शेवटी जो आकडा आला तेवढ्यात भाऊच्या धक्क्यावरून अख्ख्या बिल्डिंगला कोळंबी आणली असती. शिवाय ती मासळी जाळ्यातली नसते, बाजारातूनच येते. जाळ्यातल्या मुठीवर एवढे स्टॉल कसे चालतील? खायचंच असेल तर साफ करून, शिजवून, ताटात येईपर्यंतचा एकच आकडा आधी ठरवा. नाहीतर सरळ पाण्यापलीकडच्या एर्नाकुलमच्या कुठल्याही साध्या हॉटेलात जाऊन दुपारचं मील्स घ्या. उकडा भात, मीन करी म्हणजे माशाची आमटी, तोरण म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, पापड, भात हवा तेवढा. तिथली आमसुलासारखी दिसणारी काळी कुडमपुळी कोकमाच्याच कुळातली, त्यामुळे मालवणी जिभेला ती करी लगेच आवडते. मासा वेगळा तळून मागितला तर तेवढेच पैसे वाढतात आणि तो आकडा भिंतीवर लिहिलेला असतो.

सेंट फ्रान्सिस चर्च आणि सांताक्रूझ बॅसिलिका दोन्ही पायी होतात, त्यांच्यासाठी रिक्षा करणं म्हणजे पैसे उडवणं. सेंट फ्रान्सिस 1503 सालचं. 1524 साली वास्को द गामा कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. त्यामुळे आत आहे ती रिकामी जागा आणि भोवतीचा कठडा. मला जास्त आवडले ते वर टांगलेले कापडी पंखे. दोर भिंतीतून बाहेर गेलेले, बाहेर बसून माणूस ओढायचा. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा पर्यटकांनी घुसू नये.

खरी चुकवू नये अशी जागा म्हणजे वेलीची धोबीखाना. तिकडे रिक्षावाले नेत नाहीत, कारण तिथे कूपन नाही. तमिळ वण्णार समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या हाताने कपडे धुतात. पाठीमागच्या मैदानात काथ्याच्या पीळ दिलेल्या दोऱ्या ताणलेल्या असतात, आणि कपड्याचं टोक दोरीच्या दोन पिळांमध्ये खुपसलेलं असतं. एक चिमटा नाही. वारा सुटला तरी एक चादर हलत नव्हती. आतमध्ये कोळशाच्या इस्त्र्या, प्रत्येक चार-पाच किलोची असावी. सकाळी जा, विचारून फोटो काढा, थोडे पैसे ठेवा, तिथे कोणी हात पुढे करत नाही.

कथकली पर्यटकांसाठीची आहे, तासाभरात उरकतात, पण रंगरंगोटी बघायला आधी गेलात तर पैसे वसूल. एर्नाकुलमच्या मरीन ड्राइव्हवरची सूर्यास्ताची बोट टाळा: कर्कश गाणी, प्लास्टिकच्या खुर्च्या, बंदरातून एक चक्कर. आणि हाउसबोट कोचीत शोधू नका, ती अलप्पुळाला, म्हणजे अलेप्पीला. चेराई बीच चांगला आहे. गेलो, डुंबलो, आलो.

पाण्यावरून फिरायचं तर सरकारी बोटीला तोड नाही. एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून फोर्ट कोचीला दहा रुपयांच्या आत तिकीट, वीसेक मिनिटं, वाटेत विलिंग्डन बेट दिसतं. हे बेट बंदर खोल करताना निघालेल्या गाळावर उभं आहे. 2024 पासून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोही जाते, हायकोर्ट जेट्टीवरून; एसी, विजेवर चालणारी, गुळगुळीत. पण बोटीत माणसं मोजूनच घेतात, तेव्हा शनिवार-रविवारी फोर्ट कोचीची रांग भयंकर असते. आम्ही उन्हात ती रांग बघितली आणि तडक जुन्या बोटीकडे गेलो. मला तरी जुनीच आवडली, खिडकीला काच नाही, वारा फुकट. फोर्ट कोचीहून वायपीनला गाड्या नेणारी बोट पाच मिनिटांत पलीकडे टाकते, चेराईला जायचं तर तीच धरा.

राहायचं फोर्ट कोचीत, हे माझं ठाम मत. सकाळी सातच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर ते गाव आपलं असतं, मधले तास ते रिक्षांचं. फक्त खोलीत मच्छरदाणी किंवा खिडक्यांना जाळी आहे का ते बुकिंगआधी विचारा. कोचीच्या डासांपुढे आपल्याकडून नेलेलं मलम अजिबात टिकत नाही. विमानतळ नेडुंबाश्शेरीला, फोर्ट कोचीपासून चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत दोन तास धरून निघा. मार्च ते मे जाऊच नका. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण 31 डिसेंबरला फोर्ट कोचीत पप्पांजी, म्हणजे सरत्या वर्षाचा म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा, जाळतात, त्या रात्री खोली मिळेल असं समजू नका.

कोकण रेल्वेने परतणार असाल तर तिकिटावर स्टेशन नीट वाचा. एर्नाकुलम जंक्शन म्हणजे साउथ, एर्नाकुलम टाउन म्हणजे नॉर्थ, आणि नेत्रावती एक्सप्रेस जंक्शनला थांबते. चुकून नॉर्थला पोचलात तर रिक्षावाल्याशी बोलूही नका, बाहेर टाउन हॉल मेट्रो स्टेशन आहे, तिसऱ्या थांब्याला उतरा.