३ जूनची खरेदी, ४ जूनची विक्री

आज विश्रामबागच्या घरी बसून करसल्लागारांना देण्यासाठी शेअर व्यवहारांचा जुना उतारा चाळत होतो आणि २०२४ च्या जूनपाशी थांबलो. मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजांमुळे ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजारांहून अधिक अंशांनी उसळला, तेव्हा मुदत संपलेल्या ठेवीची जवळजवळ सगळी रक्कम मी चढ्या भावाने एकाच शेअरमध्ये गुंतवली. दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू असताना बाजार कोसळला, सेन्सेक्स ४,३०० हून अधिक अंशांनी खाली बंद झाला, आणि त्या पडझडीत मी भर दुपारी सगळे विकून टाकले. ७ जूनला निर्देशांकाने नवा उच्चांक गाठला. माझे खाते रिकामे होते.

आज प्रकर्षाने आठवले ते वडील. दर पडले की ते सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, हळद ठेवून महिनोन्‌महिने थांबत. पण घरखर्चाचे आणि बियाण्याचे पैसे त्यांनी आधीच बाजूला काढलेले असत. माझ्या रकमेला मात्र मुलीच्या महाविद्यालयीन शुल्काची तारीख बांधलेली होती, म्हणूनच ३ दिवसांची वाट पाहणेही मला झेपले नाही. चूक वेळेची होती असे मी इतके दिवस मानत आलो. खरे तर ते पैसे बाजारात न्यायचेच नव्हते.

तो तोटा मी त्या वर्षीच्या विवरणपत्रात मुदतीत दाखवला होता, त्यामुळे पुढील ८ वर्षांतील भांडवली नफ्यातून तो वजा करता येतो. यंदाच्या थोड्याशा नफ्यातून त्याचा पहिला हिस्सा आज वजा झाला.