शेजारच्या भाषेतले भूत

आमच्या घरी जेवताना राजकारण फारसे निघत नाही आणि क्रिकेटवरूनही कोणी आवाज चढवत नाही, पण नागवल्ली ही चित्रपटातली नर्तकी कोणत्या नटीची खरी हा विषय एकदा निघाला की ताटातली आमटी निवून जाते. वरच्या मजल्यावरच्या काकू मूळच्या त्रिशूरकडच्या. लग्न होऊन चिंचवडला आल्या त्याला आता पस्तीस वर्षे होतील. मराठी त्या आमच्याइतकीच सफाईने बोलतात, भाजीवाल्याशी तर आमच्यापेक्षा बरी. त्या अर्थातच शोभनाच्या बाजूने. शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेली भाची विद्या बालनच्या बाजूने. बायकोचे लहानपण बेळगावात गेले, त्यामुळे ती सौंदर्याचे नाव घेते आणि मग कोणाचेच ऐकत नाही. मी ज्योतिकाची बाजू धरतो, ती बरीचशी चौथी जागा रिकामी राहू नये म्हणून, हे इथे सांगून टाकायला हरकत नाही.

या भांडणाचे मूळ 'मणिचित्रताळ' हा मल्याळम चित्रपट. मधु मुट्टम यांची कथा, फाझिल यांचे दिग्दर्शन, प्रदर्शन डिसेंबर १९९३. नावातले 'ताळ' म्हणजे कुलूप, आणि तेही नक्षीदार. जुन्या वाड्यातली अशीच एक कुलूपबंद खोली नवी सून गंगा (म्हणजे शोभना) उघडते आणि त्या वाड्यात मारल्या गेलेल्या नागवल्ली नावाच्या नर्तकीशी तिचे मन असे काही जडते की ती अधूनमधून नागवल्लीच होऊन बसते. भूत असे कुठे नसतेच. असतो तो मनाचा आजार, आणि तो ओळखणारा डॉक्टर म्हणजे मोहनलाल. पुढे या कथेने देशभर फिरती केली. २००४मध्ये कन्नडमध्ये सौंदर्याचा 'आप्तमित्र', २००५मध्ये तमिळमध्ये ज्योतिकाचा 'चंद्रमुखी', २००७मध्ये हिंदीत विद्या बालनचा 'भूल भुलैया'. कन्नड आणि तमिळ चित्रपट पी. वासू यांनी केले; हिंदी चित्रपट प्रियदर्शन यांनी केला, जे मूळ चित्रपटाच्या वेळी फाझिल यांच्या मदतीला होते. तमिळमध्ये नायक रजनीकांत असल्यामुळे त्याने मोहनलालसारखे उशिरा येऊन कसे चालेल, तेव्हा तो सुरुवातीलाच येतो, मारामारी करतो आणि शेवटी जुन्या राजाचेही सोंग वठवतो. चेन्नईच्या शांती चित्रपटगृहात तो चित्रपट आठशेहून अधिक दिवस चालला. काकूंना हा आकडा सांगितला की त्या फक्त 'चालू दे' म्हणतात.

रिमेकवरून वाद कुठल्याही चित्रपटाबद्दल होतात, पण भयपटाच्या रिमेकची अडचण वेगळी असते. प्रेमकथा पुन्हा करायची तर गाणी नवी घालता येतात, विनोदी चित्रपटात कोट्या बदलता येतात. भयपटाची मात्र सगळी पुंजी एका दचकण्यात असते, आणि ते दचकणे पहिल्या वेळीच खर्चून गेलेले असते. दार कधी करकरणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक दाराकडे बघत नाही, दारातून येणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघतो. त्यामुळे कोणाला घेतले, हा प्रश्न इथे नको इतका मोठा होतो, आणि माणसे एरवी ज्या तावातावाने जमिनीच्या हद्दीबद्दल बोलतात त्या तावातावाने नट्यांबद्दल बोलू लागतात.

आमच्या वादातले न्यायालय म्हणजे पलंगाचा प्रसंग. गंगेला दागिने आणायला बाहेर जायचे असते आणि डॉक्टरने पढवून ठेवल्यामुळे नवरा तिला अडवतो. ती आधी साधेपणाने विचारते, का नको? मग पुन्हा विचारते, आणि त्या दुसऱ्या विचारण्यात आवाज किंचित जाड होतो. भुवया जवळ येतात. पलंगाच्या कडेला बसल्याबसल्या तिचा हात खाली जातो, आणि तो जड लाकडी पलंग ती एका हाताने उचलते. तोवर मल्याळम संपून तमिळ सुरू झालेले असते. नवरा घाबरून तिच्या नावाने ओरडतो, तशी ती जागी झाल्यासारखी होते आणि काय झाले म्हणून त्यालाच विचारते. काकूंनी हा प्रसंग मला इतक्या वेळा दाखवला आहे की पलंग उचलला जाण्याची मला आता भीती वाटत नाही. भीती वाटते ती अजूनही त्या दुसऱ्या 'का नको'ची.

एकदा काकूच म्हणाल्या, "अहो, मी त्या दिवशी पलंगाला घाबरले नाही. ती तमिळ बोलायला लागली ना, त्याला घाबरले." तेव्हापासून माझे या वादातले लक्ष चेहऱ्यांवरून उडून बोलण्याकडे गेले, आणि मग एक गोष्ट दिसली जी एरवी कोणालाही दिसावी इतकी उघड आहे. मल्याळम चित्रपटातली नर्तकी तंजावरची, तमिळ बोलणारी. कन्नडमध्ये तीच तेलुगू बोलते. तमिळमध्येही तेलुगू, 'रा रा' हे गाणे तेलुगूच आहे. हिंदीत ती मंजुलिका नावाची बंगाली होते आणि 'आमि जे तोमार' म्हणत नाचते. रिमेक करणाऱ्यांनी वाडा बदलला, नायकाचा रुबाब बदलला, विनोद तर नको तितके बदलले, पण हा एक नियम कोणी मोडला नाही: भूत नेहमी शेजारच्या भाषेत बोलले पाहिजे. अगदी परक्या भाषेत बोलून उपयोग नाही, कारण मग ते कळणारच नाही. आपल्याच भाषेत बोलून उपयोग नाही, कारण मग ते माहेरी आल्यासारखे वाटेल. निम्मे कळावे आणि निम्मे निसटावे, इतक्याच अंतरावरची भाषा हवी. (तंजावर म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतात, कारण तिथे भोसल्यांची गादी १८५५पर्यंत होती, नागवल्लीच्या कानांवर थोडे मराठीही पडले असेल, असे मी एकदा काकूंना सुचवून पाहिले. त्यांनी चहा पुढे केला.)

माझी आजी सांगायची की अंगात आलेल्या बाईची ओळख डोळ्यांवरून पटत नाही, डोळे कोणालाही फिरवता येतात. बोली बदलली तर मात्र हात जोडावेत. चित्रपटवाल्यांनी आजीचेच ऐकलेले दिसते. आणि एकदा हे ध्यानात घेतले की पात्रनिवडीच्या वादालाही गमतीदार फाटे फुटतात. शोभनाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. डोळे, मान, मुद्रा, भरतनाट्यम हे सगळे तिचे. पण गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी यांचा, आणि नागवल्लीचा तमिळ आवाज दुर्गा या वेगळ्याच डबिंग कलाकाराचा. पुष्कळ वर्षे बहुतेकांना हे ठाऊकही नव्हते. म्हणजे काकू ज्या आवाजाला घाबरल्या तो शोभनाचा नव्हताच. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग दोघींना मिळून घाबरले असं समजा." विद्या बालन चेंबूरला तमिळ बोलणाऱ्या घरात वाढलेली, पण तिचा पहिला चित्रपट बंगाली होता, त्यामुळे हिंदीतल्या मंजुलिकेचे बंगाली उसने आणल्यासारखे वाटत नाही, असे भाचीचे म्हणणे, तिच्या बाजूने ऐकलेले हे एकमेव मुद्देसूद विधान आहे. सौंदर्याच्या बाबतीत मात्र आम्ही कोणी तुलना ताणत नाही. एप्रिल २००४मध्ये विमान अपघातात ती गेली आणि 'आप्तमित्र' त्यानंतर काही महिन्यांनी लागला. मेलेल्या नर्तकीचे झपाटणे त्या वर्षी कन्नड प्रेक्षकांनी कोणत्या डोळ्यांनी पाहिले असेल, हे बायकोने एकदा विचारले आणि त्या दिवशीचा वाद तिथेच थांबला.

'भूल भुलैया'चे पुढचे भाग २०२२ आणि २०२४मध्ये आले, दिग्दर्शक बदलला, तब्बू आली, माधुरी दीक्षित आली, विद्या बालन परतली. दुसऱ्या भागात भूत खरोखरीचे झाले आणि माझा रस कमी झाला. खऱ्या भुताला भाषा बदलायचे कष्ट कशाला पडतील?

मग साहजिकच प्रश्न येतो की ही कथा मराठीत केली तर. वाडा मिळेल, वाईपासून सावंतवाडीपर्यंत हवा तसा मिळेल. पण नागवल्ली बोलेल कशात? हिंदी बाद, कारण ती आपण रिक्षात बसल्यापासून ऐकतो. गुजराती, कन्नड, तेलुगू, कोकणी अशी यादी आम्ही करत होतो तेव्हा माझ्या लक्षात आले की हा प्रयोग मराठीत एका परीने होऊन गेला आहे, फक्त परकी भाषा आणायची गरज पडली नाही. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला नाईकांच्या वाड्याइतकीच तिथली मालवणी चकवत होती. पांडूचे 'इसरलंय' विनोदी म्हणून गाजले खरे, पण रात्री दिवा मालवल्यावर ते तितकेसे विनोदी राहत नसे. आणि हा पांडू साकारणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेच्या लेखनातही होते. माझा एक कुडाळचा सहकारी ती मालिका गावची आठवण म्हणून बघायचा. लोक दचकतात कशाला, हेच त्याला कळत नसे. त्याच्या दृष्टीने घरची माणसे घरच्या बोलीत भांडत होती.

त्याच मालिकेने मराठी घरांना पात्रनिवडीचा खराखुरा वाद दिला. दुसऱ्या भागात शेवंता, म्हणजे अण्णा नाईकांची प्रेयसी, अपूर्वा नेमळेकरने केली, आणि २०२१च्या तिसऱ्या भागात मध्येच ती भूमिका कृतिका तुळसकरकडे गेली. अण्णा मात्र माधव अभ्यंकरच. आता शेवंता तोवर मेलेली होती, आणि भूत रूप पालटून येते हे तर लहान पोरालाही माहीत असते, तेव्हा नव्या चेहऱ्याने येण्याचा तिचा हक्क आपण मान्य करायला हवा, असा युक्तिवाद मी घरात मांडला. कोणी मानला नाही. बायको म्हणाली, "भूत बदलू दे हो, पण आम्ही अण्णाबरोबर जिला दोन वर्षं बघितली ती कुठे गेली?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही.

भाचीने मात्र माझ्या भाषेच्या सिद्धान्ताला नेमकी जागा बघून भोक पाडले. 'लपाछपी' घे, म्हणाली. विशाल फुरिया यांचा तो २०१७चा मराठी चित्रपट; उसाचे रान, रानात एकटे घर, गरोदर पूजा सावंत आणि तिची सरबराई करणाऱ्या बाई म्हणजे उषा नाईक. सगळे मराठीत, तेही साध्या गावाकडच्या मराठीत, तरी घाम फुटतो. फुरिया यांनीच २०२१मध्ये तो 'छोरी' नावाने हिंदीत केला, नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांना घेऊन, आणि ऊस तसाच ठेवला. मीता वशिष्ठ फार जाणती नटी आहे, पण तिला पाहताच काहीतरी होणार हे कळते. उषा नाईक जेवू घालताना आपल्या आत्येसारख्या वाटतात, आणि पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. म्हणजे आपल्याच भाषेतले भूत चालते. मी म्हणालो की उषा नाईक भूत नव्हेत. भाची म्हणाली, "मामा, आता पळवाट काढू नकोस."

वाद असा अडला असताना वीज गेली. इन्व्हर्टर कधीचा बिघडलेला. काकूंनी मोबाइलचा दिवा लावून टेबलावर पालथा ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या अंधारातून बायको कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. बेळगाव सुटल्यावर तिला मी कन्नड बोलताना फारसे ऐकलेले नाही. आवाज तिचाच होता, जरा खालचा, आणि वाक्याच्या शेवटी प्रश्न होता इतकेच मला उमगले. भाचीने माझा हात धरला, की मी तिचा, हे नंतर ठरेना. दुसऱ्यांदा तेच वाक्य आले, पहिल्यापेक्षा सावकाश.

"अहो, आमटी पुन्हा गरम करू का, विचारतेय," काकू म्हणाल्या.

त्यांना कन्नड येते हे आम्हाला तोवर माहीत नव्हते.