घाटाच्या माथ्यावरच गिअर ठरतो

लांब पल्ल्याच्या कंपनीत नव्याने लागणाऱ्या माणसाला वाटतं की ड्रायव्हरचं काम म्हणजे स्टिअरिंग धरून बसणं. स्टिअरिंग महिन्याभरात हातात बसतं. अवघड असतं ते वेगळंच. ४० टनांची गाडी ऐन वेळी ऐकत नाही, अडचण दिसली तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून या कामातलं महत्त्वाचं सगळं आधी करावं लागतं: निघण्याआधी हवा, उतार लागण्याआधी गिअर, डोळे जड होण्याआधी झोप.

हवेपासून सुरुवात करू, कारण दिवसही तिथूनच सुरू होतो. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर टाक्या भरतो. गाडीप्रमाणे ८ ते १२ बारच्या (बार हे दाब मोजायचं एकक) दरम्यान तो थांबतो आणि हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्रायरमधून ‘फुस्स’ असा आवाज येतो. हा आवाज आला नाही, किंवा मिनिटा-मिनिटाला येत राहिला, तर गाडी हलवू नका. पहिल्यात दाब पुरता भरत नसतो, दुसऱ्यात कुठेतरी गळती असते.

गळती तपासायला पाच मिनिटं पुरतात. सपाट जागा, चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक सोडलेला, इंजिन बंद. ब्रेकचं पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरून ठेवायचं आणि गेज बघायचा. ट्रेलर जोडलेल्या गाडीत त्या मिनिटात ०.३ बारपेक्षा जास्त उतरायला नको. उतरला तर काच खाली करून कान द्या. गळती बहुतेक वेळा ट्रेलरच्या नळ्यांच्या जोडात, तिथल्या रबरी वायसरमध्ये असते. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा संपवत न्या. ४ ते ५ बारच्या आसपास धोक्याचा दिवा आणि आवाज सुरू झालाच पाहिजे. त्याच्याही खाली गेलं की स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो. ब्रेक चेंबरमधली (चाकाजवळचा डबा, ज्यात हवा शिरून दांड्याने ब्रेक ढकलते) जाड स्प्रिंग हवेने मागे धरून ठेवलेली असते, हवा गेली की ती ब्रेक आवळते. रस्त्यावर अचानक असं झालं तर चाकं जागीच धरतात, म्हणून इशारा आधी मिळणं महत्त्वाचं.

टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाणी आलं तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. काळपट तेलकट पाणी आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि ते तेल पुढे व्हॉल्व्हची रबरं फुगवतं. थंडीत हेच पाणी नळीत गोठलं की ब्रेक एक तर लागत नाहीत, नाहीतर सुटत नाहीत.

आता उतार. या कामातलं सगळ्यात गंभीर गणित इथे आहे, आणि ते एकदा कागदावर मांडून पाहायलाच हवं. ४० टनांची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना पूर्ण थांबवायची तर ब्रेकना सुमारे १० मेगाज्यूल ऊर्जा उष्णतेत रिचवावी लागते. तीच गाडी ६ टक्के उताराने ५ किलोमीटर खाली आणायची, म्हणजे ३०० मीटर उंची उतरायची, तर हा आकडा सुमारे ११८ मेगाज्यूल होतो. ताशी ८० वरून जवळपास बारा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ न देता गाडी थांबवल्यासारखं. टायर आणि वारा त्यातला थोडा भाग घेतात. बाकीचा कुठेतरी जायलाच हवा.

तो ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या भांड्याला आतून लायनर (घर्षणाचं अस्तर) दाबून गाडी थांबते त्यात गेला तर काय होतं? ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. ब्रेक चेंबरच्या दांड्याला तितकं जास्त अंतर ढकलावं लागतं. आणि त्या दांड्याची धाव ठरलेली असते, सर्रास वापरल्या जाणाऱ्या चेंबरमध्ये एकूण ६३ मिलिमीटरच्या आसपास. सकाळी थंड ड्रमवर ४५ मिलिमीटर धाव मोजली, सगळं ठीक वाटलं, आणि तोच दांडा तापलेल्या ड्रमवर टोकाला टेकला. पेडल नेहमीसारखंच लागतं, गेजवर हवाही असते, फक्त लायनर ड्रमला दाबला जात नाही. त्यात तापलेल्या लायनरची पकडही घटते. ज्याला लोक ‘ब्रेक फेल’ म्हणतात, ते बऱ्याचदा हे असतं. सुटा भाग तुटलेला नसतो, म्हणून नंतर तपासणीत काही सापडतही नाही. डिस्क ब्रेकमध्ये हा त्रास कमी, कारण डिस्क तापली की फुगून पॅडकडेच येते. पण उष्णता तिथेही साठतेच.

म्हणून काम इंजिनला द्यायचं, म्हणजे इंजिन ब्रेकने (इंजिनच्याच अडवणुकीने) गाडी धरायची. त्याच ६ टक्के उतारावर ताशी ३० ने उतरलं तर गाडी धरून ठेवायला सुमारे १९५ किलोवॅट लागतात, ६० ने उतरलं तर ३९०. चांगला इंजिन ब्रेक पहिला आकडा बराचसा एकटा पेलतो, दुसरा नाही. हा फरक वेगाने ठरतो आणि वेग गिअरने ठरतो, म्हणून गिअर माथ्यावरच टाकायचा. उतारात वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. टाकायला गेलं तर वरचा निसटतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये येते, म्हणजे इंजिनची उरलीसुरली पकडही जाते. ‘ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं’ हा जुना नियम जुन्या, कमी ताकदीच्या इंजिनांसाठी बरा होता. आजची इंजिनं वरच्या गिअरमध्येही चढतात, तेव्हा उतरताना त्याहून खालचा घ्या. इंजिन ब्रेकची ताकद वरच्या आरपीएमला असते हेही ध्यानात असू द्या.

पेडल कधी वापरायचं? समजा त्या घाटासाठी ५० हा वेग ठरवलाय. काटा ५० ला आला की ठामपणे ब्रेक दाबायचा, सुमारे तीन सेकंदांत ४० पर्यंत आणायचा आणि पूर्ण सोडायचा. पुन्हा ५० आले की पुन्हा तेच. पाय हलकासा टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट. हलक्या दाबाला सगळ्या चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत, दोन-तीन चाकंच काम करतात आणि तीच जळतात. इंधन वाचवायला न्यूट्रल करून सोडणाऱ्यांना एकच सांगणं आहे: गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना आजची इंजिनं डिझेल घेतच नाहीत, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला घेतात. त्यात वाचत काहीच नाही.

रिटार्डरबद्दल, म्हणजे चाकाचे ब्रेक न वापरता गाडी मंद करणाऱ्या यंत्राबद्दल, एक इशारा. तो फक्त ओढणाऱ्या चाकांवर काम करतो. ओला रस्ता आणि रिकामा ट्रेलर असताना ती चाकं घसरली की मागून ट्रेलर ढकलतो आणि गाडी मध्यातून मुडपते. पावसात तो बंद, किंवा सगळ्यात हलक्या पायरीवर. ब्रेक जळल्याचा वास आला तर थांबा, पण पार्किंग ब्रेक तापलेल्या ड्रमवर आवळू नका. सपाटीवर गिअर आणि ठोकळ्यांवर गाडी उभी करा. पाणी तर मुळीच मारू नका, ड्रमला तडा जातो.

ट्रेलर जोडताना घाई हीच चूक. खाली उतरण्याआधी पार्किंग ब्रेक ओढा, आणि ट्रेलरचा स्वतःचा पार्किंग ब्रेक लागलाय का तेही बघा. तो लागलेला नसेल तर ट्रेलरला हवा देणारी लाल नळी जोडल्याक्षणी ट्रेलरचे ब्रेक सुटतात आणि गाडी व ट्रेलर यांच्या मध्ये उभा असलेला माणूस चिरडतो. अशा अपघातांत अनुभवी ड्रायव्हरच जास्त बेसावध असतो, कारण त्याचे हात सवयीने चालतात. ट्रेलरची उंची अशी हवी की मागे येताना फिफ्थ व्हील (गाडीवरची ट्रेलर अडकवायची प्लेट) त्याला किंचित उचलेल. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन (ट्रेलरखालची जोडायची खुंटी) प्लेटच्या जबड्यात न शिरता प्लेटच्या वरून जातो. आवाज मात्र दोन्ही वेळा सारखाच येतो, त्यामुळे आवाजावर विश्वास नको. ट्रेलरचे ब्रेक लावून पुढे हलका हिसका द्या, मग टॉर्च घेऊन खाली वाका: जबडा किंगपिनच्या मागून बंद झालाय, आणि प्लेट व ट्रेलर यांच्यात फट नाही, हे डोळ्यांनी बघा. ट्रेलरचे टेकवलेले पाय त्यानंतरच उचला.

मालाच्या बांधणीत पट्ट्याचा कोन मोजा. वरून टाकलेला पट्टा उभा असेल तर पूर्ण ताण माल खाली दाबायला लागतो, ३० अंशांवर आडवा पडला तर निम्माच. बुटक्या मालावर दुप्पट पट्टे लागतात ते यामुळेच. बांधणीचा युरोपीय हिशेब सांगतो की पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना ०.५ पट जोर धरता आला पाहिजे. मालाखाली रबरी चटई टाकली की घर्षण एवढं वाढतं की निम्मं काम तीच करते. पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून पट्टे पुन्हा आवळा, माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. चाक बदललं असेल तर नटही तेव्हाच बघा. नटाखालून गंजाची तांबडी रेघ ओघळलेली दिसली तर तो नट सैल आहे. जोडचाकांत आतल्या टायरला गेज लावायचा कंटाळा करू नका. टायरवर हातोडी मारून २० टक्के कमी हवा कळत नाही, आणि एवढी कमी असली तर तो टायर पंक्चर धरूनच चालायचं.

झोपेबद्दल कंपन्या पोस्टर लावतात आणि वेळापत्रक मात्र तसंच ठेवतात, याचा राग येतो. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, दिवसाचं चालवणं साधारण ९ तास. अमेरिकेत ११ तासांची मर्यादा आहे. पण कायदा तास मोजतो, शरीर घड्याळ बघतं. पहाटे २ ते ५ ही वेळ पूर्ण झोप झालेल्या माणसालाही जड जाते. १७ तास जागं राहिल्यावर प्रतिसाद ०.०५ टक्के अल्कोहोल रक्तात असल्याइतका मंदावतो, हे प्रयोगांत दिसलंय. चार सेकंदांची डुलकी ताशी ८० ला म्हणजे ८९ मीटर गाडी बिनड्रायव्हरची. काच उघडणं, गाणी, च्युइंगम यांचा असर काही मिनिटांचा. उपयोग होतो तो एवढ्याचाच: थांबा, कॉफी घ्या, लगेच २० मिनिटं झोपा. कॉफीला चढायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून आधी कॉफी आणि मग झोप. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवू नका, डोकं जागं व्हायला वेळ घेतं. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील तर थांबायची वेळ होऊन गेलेली आहे.

थांबायचं कुठे, हेही निघतानाच ठरवा, एक मुख्य जागा आणि तिच्या अर्धा तास अलीकडची दुसरी. अंधार पडल्यावर मोठ्या गाड्यांच्या जागा भरतात आणि मग माणूस तास संपत आले असताना जागा शोधत फिरतो.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. किलोमीटरवर पगार असेल तर गोदामात गेलेले चार तास तुमच्या खिशातून जातात. कंपनीत लागताना विचारा: थांबण्याचे पैसे किती तासांनंतर आणि कोणत्या पुराव्यावर? पुरावा म्हणजे पोहोचल्याची आणि सुटल्याची वेळ कागदावर, तिथल्या माणसाच्या सहीने. माल भरताना बघू दिलं नसेल तर ‘मोजणी पाहिलेली नाही’ असं लिहूनच सही करा, आणि सीलचा नंबर कागदावरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. ही कंपनी चांगली की वाईट, हे तिच्या गाड्यांच्या रंगावरून कळत नाही. ड्रायव्हरने ‘या ब्रेकवर मी निघत नाही’ म्हटल्यावर फोनवरचा माणूस काय उत्तर देतो, त्यावरून कळतं.

गाडी सोडताना बिघाडाच्या वहीत ‘ब्रेक बघणे’ असं लिहू नका, त्यावर मेकॅनिकला काही करता येत नाही. ‘ट्रेलर, मागचा ॲक्सल, डावी बाजू, दांड्याची धाव ५५ मिलिमीटर, गेल्या आठवड्यात ॲडजस्ट करूनही पुन्हा वाढली’ असं लिहा. आपोआप जुळणारा ॲडजस्टर (दांड्याची धाव बेताची ठेवणारा भाग) पुन्हा पुन्हा हाताने आवळावा लागत असेल, तर दोष त्याच्यात किंवा आसपासच्या बुश-पिनांत असतो. तो भाग बदलेपर्यंत त्या ट्रेलरला घाटात नेऊ नये.