भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घेतला आणि तीन महिने एका एनओसीमागे गेले

सोसायटीची एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचं पत्र, म्हटलं की मला अजून राग येतो, म्हणून सगळं लिहून काढतेय. माझ्यासारखं कुणी पहिल्यांदाच गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यायला निघालं असेल तर निदान त्याचे तरी रविवार वाचतील.

मी साताऱ्याला शिक्षिका. राहतं घर आहे, पण दोन पैसे वेगळे गुंतवावेत, भाडं यावं, म्हणून गेल्या वर्षी पिंपरी-चिंचवडमध्ये रिसेलचा वन बीएचके बघितला, 38 लाखांना ठरला. 20 लाख कर्ज, बाकी साठवलेले पैसे आणि थोडं सोनं मोडून. फ्लॅट बघणं, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (फ्लॅटच्या मालकीच्या नोंदींची तपासणी), बँकेचं सँक्शन, हे सगळं महिन्याभरात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. विकणारे काका सत्तरीचे, मुलाकडे नागपूरला जाणार होते, माणूस सज्जन. विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, एक लाख दिला आणि विसार पावतीत 60 दिवसांची मुदत लिहिली. ती मुदत मी 90 दिवसांची लिहून घ्यायला हवी होती, आणि सोसायटीच्या कागदांमुळे उशीर झाला तर विसार बुडणार नाही अशी ओळही. तुम्ही नक्की लिहून घ्या.

बँकेने तीन गोष्टी मागितल्या. शेअर सर्टिफिकेटची (सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्याची) कॉपी, थकबाकी नसल्याचा दाखला आणि फ्लॅट बँकेकडे तारण ठेवायला सोसायटीची हरकत नाही असं पत्र. म्हटलं, एक पत्र तर हवंय.

काकांनी अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीची मीटिंग दुसऱ्या रविवारी असते, त्यात ठेवतो. पहाटेची एसटी पकडून स्वारगेट, तिथून मेट्रोने पिंपरी, मग रिक्षा, साडेदहाला हजर. तिथे कळलं की चारच जण आलेत, कोरम नाही, पुढच्या महिन्यात बघू. एक महिना गेला. दुसऱ्या मीटिंगला कोरम होता, मला आत बोलावलं, आणि पहिलाच प्रश्न, "ताई, तुम्ही इथे राहायला येणार का?" मी खरं सांगितलं, नाही, भाड्याने देणार. झालं. इन्व्हेस्टर लोक येतात, बॅचलरना घरं देतात, लिफ्ट खराब करतात, पार्किंगवरून भांडणं होतात, असं अर्धा तास मला ऐकवलं. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलतेय, आणि आधीच्या कुणाच्या तरी भाडेकरूंचा राग माझ्यावर. शेवटी खजिनदार म्हणाले की बिल्डिंगचं पेंटिंग काढायचंय, नवीन मेंबर दीड लाख ऐच्छिक देणगी देतात, ती आली की पत्र लगेच. ऐच्छिक असेल तर नाही दिली तर चालेल का, असं मी विचारलं. कुणी बोलेना.

परतीच्या एसटीत मी रडले, खरंच. स्टॅम्प ड्यूटीचे पैसे वेगळे काढले होते, घरात त्यापलीकडे दीड लाख नव्हते. बँकेच्या सँक्शन लेटरची मुदत तीन महिने, विसाराचे दिवस संपत आलेले, काका रोज फोन करून "बाई, काय झालं?" विचारायचे. मिस्टर म्हणाले देऊन टाकू कसेही करून, किती दिवस असे हेलपाटे घालणार. मी हट्टाला पेटले.

तर आता नियम सांगते, हे मला त्या रविवारच्या आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. महापालिका हद्दीत फ्लॅट ट्रान्सफर करताना सोसायटी जास्तीत जास्त 25,000 रुपये ट्रान्सफर प्रीमियम घेऊ शकते, हे शासनाने 2001 मध्येच ठरवून दिलंय. त्याशिवाय 500 रुपये ट्रान्सफर फी आणि 100 रुपये प्रवेश फी. देणगी, पेंटिंग फंड, विकासनिधी अशा कुठल्याही नावाने वर पैसे मागता येत नाहीत. आणि आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, 38 नंबरला स्पष्ट लिहिलंय की ट्रान्सफरसाठी सोसायटीची एनओसी लागतच नाही. विकणाऱ्याने 15 दिवसांची नोटीस द्यायची. एनओसी कुणी मागितलीच तर कमिटीने महिन्याभरात निर्णय द्यायचा. सब-रजिस्ट्रारनेही आमच्याकडे ती मागितली नाही. मागते ती बँक! म्हणजे कर्ज न काढणारा माणूस सुटतो आणि आपण अडकतो.

मग मी काय केलं, तर काकांच्या सहीने नवा अर्ज लिहिला, त्यात उपविधीचा नंबर, 25,000 ची मर्यादा, आधीच्या अर्जाची तारीख, सगळं घातलं. सेक्रेटरी पोच द्यायला तयार होईनात, म्हणाले ठेवून जा. ठेवून नाही गेले. रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि एक प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे स्वतः जाऊन दिली, तिथला इनवर्डचा शिक्का मारून घेतला आणि त्याचा फोटो सेक्रेटरींना व्हॉट्सअॅप केला. पाचव्या दिवशी फोन आला, "मॅडम, पत्र तयार आहे, घेऊन जा." दोन महिने ज्याला मीटिंग लागत होती ते पाच दिवसांत तयार!

सेक्रेटरींच्या घरी गेले. सोसायटीचा गोल शिक्का एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला, इंकपॅड वाळलेलं. त्यांनी त्यावर दोन थेंब पाणी टाकलं, बोटाने चोळलं आणि शिक्का मारला, अर्धाच उठला. परत मारला. मी 25,600 चा चेक दिला, पावती घेतली (निम्मे काकांनी दिले, हेही आधी ठरवून ठेवा, नाहीतर शेवटी वाद होतो). पत्र बँकेत दिलं आणि तिसऱ्या दिवशी बँकेने परत पाठवलं. पत्रात फ्लॅट बी-12 च्या जागी बी-21 टाइप झालं होतं. पुन्हा एसटी, पुन्हा मेट्रो, पुन्हा तो डबा. त्यामुळे कुठलंही पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून शेअर सर्टिफिकेटशी ताडून बघा, फ्लॅट नंबर, नावाचं स्पेलिंग, क्षेत्रफळ, सगळं. काकांनी तोवर मुदत एका साध्या कागदावर वाढवून दिली होती. दुसरा कुणी असता तर माझा लाख गेला असता.

रजिस्ट्रेशनचा दिवस मात्र तासाभरात उरकला. 38 लाखांवर पिंपरी-चिंचवडमध्ये 7 टक्के स्टॅम्प ड्यूटी, पण बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सूट, म्हणजे 38,000 वाचले. मिस्टरांचं नाव जोडलं असतं तर सूट गेली असती, म्हणून मालक मी एकटी आणि ते फक्त कर्जात सहअर्जदार. नोंदणी फी 30,000. स्टॅम्प ड्यूटी रेडी रेकनर (सरकारने ठरवलेल्या दराने येणारी किंमत) आणि करारातली किंमत यात जे जास्त त्यावर लागते, तेही आधी काढून ठेवा, आणि हे पैसे बँक कर्जात धरत नाही, खिशातूनच जातात. आमचे जवळपास अडीच लाख गेले.

आणि हो, भाड्यातून हप्ता निघेल हे कुणी सांगत असेल तर कागदावर मांडून बघा. माझा हप्ता साधारण 16,700, भाडं 12,500, मेंटेनन्स 1,900 मीच भरते, वर मिळकत कर. दर महिन्याला सहा हजारांच्या वर पगारातून जातात. मला ते झेपतंय म्हणून मी समाधानी आहे, पण भाडेकरू मिळेपर्यंत दोन महिने फ्लॅट रिकामा होता, तेव्हा चटका बसला. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवूनच उतरा यात.

भाडेकरू दोन नोकरी करणाऱ्या मुली आहेत. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन रजिस्टर केला, पोलिसांकडे माहिती दिली, दोन्हीची प्रत सोसायटीला, या वेळी पोच घेऊनच. तरी पहिल्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही त्याचा आकार, म्हणून 1,000 रुपये लावून आले. ते सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, आणि सर्व्हिस चार्जेस म्हणजे पूर्ण मेंटेनन्स नव्हे. लेखी दिलं, पुढच्या बिलात 120 झाले.

शेअर सर्टिफिकेट मागच्या महिन्यात आलं. मागच्या बाजूच्या तक्त्यात काकांच्या नावाखाली निळ्या शाईत माझं नाव, आणि शेजारी तोच शिक्का, या वेळी पूर्ण उठलेला. ओरिजिनल बँकेत जमा केलं, त्याआधी दोन्ही बाजूंची कलर झेरॉक्स काढून घेतली. काकांना नागपूरला फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन आला.