मुलींची फी माफ म्हणजे नेमकी किती माफ?

महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानंतर ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ असे फलक बरेच लागले. फलक खोटा नाही, पण अर्धवट आहे. निर्णय सांगतो तो एवढाच: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ही सवलत ५० टक्के होती. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही ती लागू आहे. एससी-एसटी मुलींसाठीच्या योजना वेगळ्या आहेत.

आता यात काय नाही ते बघा. डेव्हलपमेंट फी नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं, बसचा पास, ड्रॉइंगचं साहित्य, यातलं काहीच नाही. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला माफी मिळत नाही. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही बाहेर. खरी फसगत इथेच होते. कॅपमध्ये शहरातलं नावाजलेलं कॉलेज हुकलं म्हणून त्याच शहरातल्या खासगी विद्यापीठात घाईघाईनं प्रवेश घेतला जातो आणि चार वर्षांची माफी एका दिवसात हातची जाते. कॅपचा पर्याय भरताना ‘कुठलं कॉलेज चांगलं’ याच्या आधी ‘कुठल्या कॉलेजात माफी चालते’ हा प्रश्न विचारायचा.

प्रवेशाच्या आधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची मंजूर फी काढून बघा. तिथे ट्यूशन (म्हणजे शिक्षण शुल्क) आणि डेव्हलपमेंट फी वेगळी दाखवलेली असते. पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने दिलेल्या आहेत. तरी कुणी ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ म्हणत असेल तर ते लेखी मागा आणि जे काही भराल त्याची फीच्या प्रकारानुसार फोड केलेली पावती घ्या. ‘इतर शुल्क’ असं मोघम लिहिलेली पावती पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. नॉन-क्रिमीलेअर (ओबीसींमधल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) आहे म्हणजे ८ लाखांच्या आत आहोत, असं अनेक ओबीसी पालक धरून चालतात. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. फीमाफीसाठी मात्र तहसीलदारांच्या दाखल्यावरचं आई-वडील दोघांचं एकूण उत्पन्न बघतात. त्यामुळे दोघंही शिक्षक असलेल्या घरातल्या मुलीकडे नॉन-क्रिमीलेअर असूनही ती माफीत बसत नाही, असं होऊ शकतं. दोन्ही कागद वेगळे, दोन्हींचं काम वेगळं.

दाखला शैक्षणिक वर्षाच्या आधीच्या आर्थिक वर्षाचा लागतो आणि तो ३१ मार्चपर्यंत चालतो. म्हणून एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाकायचा. जूनमध्ये गर्दी होते, तलाठ्यांचा अहवाल रेंगाळतो, आणि नेमका तेव्हाच प्रवेश सुरू होतो. तीन वर्षांचा दाखलाही मिळतो, पण तिन्ही वर्षांचे आकडे त्यात नीट आले आहेत का ते खिडकीवरच वाचून घ्या. बारकोड क्रमांक स्पष्ट दिसायला हवा, कारण महाडीबीटीवर, म्हणजे माफीचा अर्ज जिथे भरायचा त्या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, माहिती त्यावरून पडताळली जाते.

महाडीबीटीवरचा अर्ज म्हणजे आधी प्रोफाइल: वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह. सगळ्यात जास्त चुका ‘चालू अभ्यासक्रम’ या भागात होतात. शाखा एकसारख्या नावाची दुसरीच निवडली जाते, किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलगी पहिलं वर्ष टाकते. दहावी-बारावीनंतर एखादं वर्ष मोकळं गेलं असेल तर ते लपवू नका, गॅप म्हणून दाखवा आणि प्रमाणपत्र जोडा. कागद १५ ते २५६ केबीच्या दरम्यानच चढतात. फाइल बारीक करण्याच्या नादात शिक्का आणि क्रमांक पुसट झाला की कॉलेजातून अर्ज ‘सेंड बॅक’ होतो.

आणि नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर किंवा ईमेल कधीही टाकू नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पासवर्ड कुणालाच आठवत नाही. आधारला जोडलेलं सिम घरातच हवं, मामाच्या किंवा बंद पडलेल्या फोनमध्ये नको.

सगळं बरोबर असूनही पैसे न येण्याचं सर्वात मोठं कारण बँक खातं. बँकेत ‘आधार लिंक आहे’ असं सांगतात, ते बहुतेक वेळा केवायसीपुरतं असतं. शिष्यवृत्तीला लागतं ते एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या यादीत आधार त्या बँकेशी जोडलेलं असणं, ज्याला सीडिंग किंवा मॅपिंग म्हणतात. एक आधार एका वेळी एकाच बँकेशी मॅप होतं. नवीन खातं उघडताना डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याच्या) संमतीवर टिक केलं की मॅपिंग तिकडे सरकतं. अर्जात स्टेट बँकेचा क्रमांक, आणि पैसे मात्र भलत्याच योजनेसाठी उघडलेल्या पोस्टाच्या खात्यात, हा प्रकार त्यातूनच घडतो. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. तिथे बँकेचं नाव आणि ‘अॅक्टिव्ह’ दिसलं पाहिजे. खाते क्रमांक दिसत नाही, तेव्हा त्या बँकेतलं कुठलं खातं ते पासबुकावरून ठरवा.

शाळेत असताना उघडलेलं खातं असेल तर आणखी एक तपासणी करा. पूर्ण केवायसी नसलेल्या ‘लहान खात्या’त शिल्लक ५० हजारांपलीकडे जाऊ शकत नाही आणि वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. मोठी रक्कम आली की अडचण होऊ शकते. अठरा पूर्ण झाली की बँकेत जाऊन केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या, सही मुलीची. वडिलांच्या नावाच्या संयुक्त खात्यावर विसंबू नका.

नावाचं काय? मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, हा फरक चालून जातो. पण स्पेलिंग वेगळं असेल तर अडतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून दुरुस्ती दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच करा. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर शिक्षण पुरं होईपर्यंत थांबणं व्यवहाराला धरून आहे.

फी सुटली तरी राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. ठिकाणाप्रमाणे वर्षाला ६० हजार, ५१ हजार, ४३ हजार आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार. मुंबई-पुण्याला सगळ्यात वरचा दर. ज्या गावात कॉलेज त्याच गावची रहिवासी असेल तर मात्र लाभ नाही.

इंजिनिअरिंग आणि पदविकेच्या मुलींनी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती चुकवू नये: वर्षाला ५० हजार, उत्पन्नमर्यादा ८ लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. निवड गुणवत्तेवर होते, पदवीला बारावीचे आणि पदविकेला दहावीचे गुण धरून. अर्ज पहिल्या वर्षी, किंवा थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांनी त्या वर्षी, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. ती वेळ गेली की पुढच्या वर्षी नव्यानं दार उघडत नाही. तिथे आधी चेहरा पडताळून ओटीआर (एकदाच करायच्या नोंदणीचा) क्रमांक काढावा लागतो, आणि एकदा निघाला की तोच पुढे चालतो. इतर सरकारी शिष्यवृत्तीबद्दलचं हमीपत्र न वाचता टिक करू नका. महाडीबीटी आणि प्रगती दोन्हीकडे अर्ज करण्याआधी कुठे किती पदरात पडेल, याचा कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात बसून हिशेब करा.

बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलींसाठी केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती आहे. बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. पदवीला वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. निम्म्या जागा मुलींच्या.

खासगीत पुण्याच्या लीला पूनावाला फाउंडेशनचं काम १९९५ पासून फक्त मुलींसाठी चालतं. तिथे मुलाखत असते. घरची परिस्थिती रडून नव्हे, आकड्यांत सांगायची तयारी ठेवा: महिन्याची आवक, कर्जाचा हप्ता, भावंडांची फी.

एससी मुलींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलीच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फीही असते. ती रक्कम आपली समजून खर्च झाली की वर्षाअखेरीस कॉलेज हॉल तिकिटासाठी अडवतं. मेसेज आला त्याच आठवड्यात फीचा भाग भरा आणि पावती जपून ठेवा.

अर्ज भरून झाला तरी दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो कुठल्या टेबलावर आहे ते बघत राहा: कॉलेजचा लिपिक, प्राचार्य, की सहसंचालक कार्यालय. महिनाभर लिपिकाकडेच दिसत असेल तर अर्जाची प्रिंट आणि आयडी घेऊन स्वतः जा, कारण मुदत संपली की तिथलाच अर्ज तिथेच राहतो.