बारा तासांची विश्रांती, पाच तासांची झोप

सोमवार

मुंबईहून पहाटे 5:45 ला सुटणारं विमान. वैमानिकाचं रिपोर्टिंग तासभर आधी, म्हणजे 4:45. घर ठाण्याला घोडबंदर रोडला असेल तर कंपनीची गाडी पावणेचारला खाली उभी राहते आणि गजर तीनचा लागतो. आदल्या दिवशी हाच माणूस दुपारी अडीचला ड्युटीतून सुटलेला. रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, मधली विश्रांती दिसते 14 तास 15 मिनिटं. नियमाला किमान 12 तास लागतात, किंवा आधीची ड्युटी त्याहून लांब असेल तर तेवढे. कागद अगदी स्वच्छ.

आता झोप मोजायची. ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत चार. जेवण, आंघोळ, घरातलं काहीबाही. संध्याकाळी साधारण सहा ते नऊ शरीराचं घड्याळ माणसाला जागंच ठेवतं. या वेळात दमलेल्यालाही झोप येत नाही. आठला आडवं होऊन दहाला डोळा लागला तर तीनपर्यंत पाच तास. त्यात ‘गजर वाजला नाही तर?’ या धास्तीनं दोनदा जाग. असे तीन दिवस लागोपाठ आले की चौथ्या दिवशी त्याच्या खात्यात जवळजवळ एका अख्ख्या रात्रीची उधारी असते. ती कुठल्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही.

लो-कॉस्ट कंपनीचं गणित उघड आहे. उभं विमान पैसे कमावत नाही, उलट भाडं खातं. त्यामुळे पहिलं उड्डाण उजाडायच्या आत आणि शेवटचं मध्यरात्रीनंतर. विमान बदलत नाही, माणसं बदलतात, आणि ती नेमकी लागतील तेवढीच ठेवलेली असतात. पुण्यात तर लोहगाव हवाई दलाचं, दिवसा मुलकी विमानांना जागा कमी, म्हणून रात्री दोन-तीनच्या फ्लाइटची पुणेकरांना सवयच झाली आहे. स्वस्त तिकीट म्हणून आपणही तीच पकडतो. पुढे बसलेल्या दोघांच्या शरीराला त्या वेळी काय वाटत असेल, हा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही.

मंगळवार

पंचवीस मिनिटांचा टर्नअराउंड, म्हणजे उतरलेलं विमान पुन्हा सोडायचा वेळ, प्रवाशाला फक्त घाई म्हणून दिसतो. चाकांना चॉक्स (अडकण) लागले की घड्याळ सुरू. एक वैमानिक, बहुधा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), खाली उतरून विमानाभोवती फेरी मारतो: टायरचे काप, ब्रेकची झीज दाखवणारी पिन, इंजिनच्या पात्यांना पक्षी किंवा खडा लागल्याची खूण, शेपटाखाली घासल्याचे ओरखडे, गिअरजवळ हायड्रॉलिकची गळती, वेग मोजणारे पिटो मोकळे आहेत का. मे महिन्यातल्या नागपुरात ही फेरी तापलेल्या काँक्रीटवर असते, जुलैतल्या मुंबईत रेनकोट घालून. तेवढ्यात कॅप्टन वर इंधनाचा आकडा ठरवतो, पुढच्या ठिकाणचं हवामान आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) वाचतो, मार्ग संगणकात भरतो. मग लोड शीट (विमानातल्या वजनाचा तक्ता) येते, वजन आणि समतोल जुळवायचा, टेक-ऑफचे वेग काढायचे, दोघांनी ते स्वतंत्रपणे तपासायचे आणि मग ब्रीफिंग. या सगळ्यात जेवणाचा ट्रे येतो आणि चार मिनिटांत संपतो.

घाईत यातलं काय आखडतं? कागदावर काहीच नाही. आखडतं ते ब्रीफिंग. ‘नेहमीचंच आहे’ असं म्हणून दोघं मान हलवतात. दुसरी काटछाट आकड्यांच्या तपासणीत होते: एकानं भरलेला आकडा दुसरा फक्त बघतो, स्वतः काढत नाही. दिवसाच्या पहिल्या सेक्टरला, म्हणजे उड्डाणाला, हे होत नाही, चौथ्याला होतं.

ब्रेकचंच घ्या. एअरबस ए320 ला ब्रेकचं तापमान 300 अंशांच्या वर असताना टेक-ऑफ करता येत नाही. उन्हाळ्यात आखूड धावपट्टीवर जोरात ब्रेक लागले, विमानाला ब्रेकचे पंखे नसले (ते वैकल्पिक असतात, काही कंपन्या पैसे वाचवायला घेत नाहीत), तर पंचवीस मिनिटांत ते थंड होतीलच असं नाही. थांबावं लागतं. उशीर झाला की त्याला कारणाचा कोड लागतो, आणि तो कोड कुणाच्या नावावर पडायचा यावर फोन सुरू होतात. विमान निमूट थांबवणारा कॅप्टन शहाणा. पण दिवसातून दोनदा थांबला की त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

मर्यादेचं कोष्टक तसं तर्कशुद्ध आहे. दोन वैमानिकांच्या दिवसभराच्या कामाला दोन लँडिंग असतील तर 13 तासांची ड्युटी चालते; लँडिंग वाढतील तसा अर्धा-अर्धा तास कमी होतो आणि सहा लँडिंगला 11 उरतात. गंमत अशी की रोस्टरचं सॉफ्टवेअर या आकड्याला छत समजत नाही, लक्ष्य समजतं. कायद्यातली कमाल मर्यादा दुसऱ्याच महिन्यात सरासरी होऊन बसते.

बुधवार

ड्युटीआधी दारू तपासणाऱ्या यंत्रात फुंकर मारायची. श्वासात अल्कोहोलचा अंश जरी सापडला तरी घरी. पहिल्या चुकीला तीन महिने परवाना निलंबित. या नियमाबद्दल कुणाची तक्रार नाही, नसावी. पण झोपेसाठी असं यंत्र नाही. 1997 सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं की सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्याइतकाच चुका करतो. भारतात गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे.

आता स्टँडबाय, म्हणजे बोलावलं तर हजर व्हायची ड्युटी, या हिशेबात आणून ठेवा. सकाळी साडेसहाला मुलांच्या शाळेमुळे जाग आली. स्टँडबाय दुपारी बारापासून. पाचपर्यंत फोन नाही, म्हणून माणूस निवांत. संध्याकाळी साडेसहाला फोन: कुणीतरी आजारी, साडेआठला रिपोर्ट करा, दोन सेक्टर. दुसरं लँडिंग रात्री दीडच्या सुमारास. तेव्हा तो 19 तास जागा आहे. रिपोर्टिंगपासून मोजलेली ड्युटी मात्र जेमतेम पाच तासांची. स्टँडबायवरच्या माणसानं दुपारी दोन तास अंधार करून झोपावं, असं प्रशिक्षणात सांगतात आणि ते खरंही आहे. दोन खोल्यांच्या घरात, दारावरची बेल आणि शेजारचं ड्रिलिंग सांभाळून ते करून दाखवावं.

कॉकपिटमध्ये डुलकी घेण्याची रीतसर पद्धतही आहे. एका वेळी एकानंच, कामाचा ताण नसताना, केबिन क्रूला सांगून, जास्तीत जास्त 40 मिनिटं. आणि उठल्यावर निदान वीस मिनिटं कुठलाही निर्णय त्याच्याकडे द्यायचा नाही, कारण गाढ झोपेतून उठलेला मेंदू लगेच कामाला लागत नाही. मुंबई-गोवा किंवा पुणे-बंगळूरसारख्या तासाभराच्या सेक्टरला हे जमतच नाही. तिथे डुलकी लागते ती न ठरवता, दोघांनाही.

गुरुवार

22 मे 2010, दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737. कॉकपिटमधल्या व्हॉइस रेकॉर्डरवर शेवटचे साधारण दोन तास पाच मिनिटं होती. त्यातली एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला, घोरण्याचा आवाज ध्वनिमुद्रित. पहाटे सहाच्या आधी, म्हणजे दोन ते सहा या शरीराच्या सर्वांत मंद काळाच्या शेवटी, तो जागा झाला. विमान उंच, वेग जास्त. फर्स्ट ऑफिसरनं तीनदा ‘गो-अराउंड’ (न उतरता पुन्हा वर जाणं) सुचवलं. 8,033 फुटांच्या टेबलटॉप (टेकडीचा माथा सपाट करून केलेल्या) धावपट्टीवर सुमारे 5,200 फूट ओलांडून चाकं टेकली. 158 माणसं गेली, आठ वाचली. चौकशी अहवालात झोपेतून उठल्यानंतरच्या जडपणाचा उल्लेख आहे. ती चाळीस मिनिटांची मर्यादा आणि नंतरची वीस मिनिटं का ठेवली आहेत, ते या एका उड्डाणात अख्खं समजतं.

कोळिकोड, 7 ऑगस्ट 2020, तीच कंपनी. पाऊस, पाठीमागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडलेला, 21 मृत्यू. लोकांना टेबलटॉप लक्षात राहिलं. अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी ओळ मनुष्यबळाबद्दल आहे: त्या तळावर 26 फर्स्ट ऑफिसर आणि कॅप्टन फक्त एक. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण करता आलं नसतं, आणि ते करायला दुसरा कॅप्टन तिथे नव्हता. तिथेच लँडिंग करण्याच्या ओढीमागे हे ओझं होतं, असं तपास पथकाचं मत. वळवण्याची परवानगी त्याला पूर्ण होती. रोस्टरनं ती आतून पोखरलेली होती.

शुक्रवार

नव्या नियमांवर बोलताना लोक आकड्यांत हरवतात, म्हणून मोजकंच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं जानेवारी 2024 मध्ये बदल जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास, त्यात दोन रात्री. ‘रात्र’ पाचऐवजी सहापर्यंत. रात्रीची लँडिंग सहावरून दोन. लागू व्हायचे होते जून 2024 ला, कंपन्यांच्या आग्रहानं पुढे गेले. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि मग 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत ते आले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं कोसळली, 5 तारखेला एका दिवसात हजाराहून जास्त रद्द. विमानतळांवर बॅगांचे डोंगर. त्याच दिवशी रजा साप्ताहिक विश्रांतीत मोजता येणार नाही, हे कलम मागे घेतलं गेलं, आणि कंपनीला रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट मिळाली. टीव्हीवर वादाचा सूर होता ‘नियमांनी गोंधळ घातला’. नियम जवळजवळ दोन वर्षं समोर होते. त्या काळात माणसं भरायची, कॅप्टन घडवायचे, वेळापत्रक हलकं करायचं होतं. कॅप्टन काही महिन्यांत तयार होत नाही. पूर्ण परवान्यालाच 1,500 तास उड्डाण लागतं.

रविवार

थकलो, असं सांगायचं कुणी? पगाराची रचना बहुतेक ठिकाणी अशी की ठराविक तासांपर्यंत ठरलेली रक्कम, पुढे तासागणिक. फटीग रिपोर्ट (थकव्याची लेखी नोंद) टाकला की ते तास गेले. राजीनामा द्यायचा तर कॅप्टनला एक वर्षाची नोटीस, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची, 2017 पासूनचा हा नियम. नव्या मुलावर प्रशिक्षणाचं कर्ज आणि बाँड. म्हणून लोक ‘सिक’ कळवतात; डॉक्टरचा कागद मिळतो, प्रश्न कमी येतात. पण त्यामुळे थकवा आकडेवारीत कुठेच येत नाही. आता कंपन्यांना दर तिमाहीला फटीग अहवाल द्यावा लागतो, आणि जे कुणी लिहिलंच नाही ते त्यात दिसणार कसं?

म्हणून रिपोर्ट लिहायचाच असेल तर ‘फार दमलो’ एवढ्यावर सोडू नये. मागच्या 72 तासांचं कोष्टक द्यावं: प्रत्येक दिवशी किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, रिपोर्टिंग, चॉक्स ऑन, सेक्टर किती, किती रात्री दोन ते सहामध्ये जागलो, गाडीला लागलेला वेळ. मूळ रोस्टर आणि प्रत्यक्ष उडालेलं रोस्टर दोन्ही जोडावीत, कारण खरी गडबड बदलांत असते. कुठली चूक झाली किंवा होता होता राहिली, तीही लिहावी: चुकीची फ्रीक्वेन्सी, ऐकलेली पण न पाळलेली उंची, राहून गेलेली चेकलिस्ट. उड्डाणाआधी ‘मी तंदुरुस्त नाही’ हे तोंडी सांगून झालं की पाच मिनिटांत मेसेज किंवा मेल टाकावा, वेळेसकट. आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी, कंपनीच्या टॅबवर नाही.